नक्की काय मोजलं? टाइम ट्रायलच्या सायकलीकडून संशोधनाचा एक धडा

१९ ऑगस्ट २०२२. स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंशेन इथला वेलोड्रोम, म्हणजे खास सायकल शर्यतींसाठी बांधलेला, वळणांवर तिरका उचललेला बंदिस्त लाकडी ट्रॅक. ब्रिटनचा डॅन बिगम एका तासात ५५.५४८ किलोमीटर जातो आणि 'अवर रेकॉर्ड' आपल्या नावावर करतो. साधारण सात आठवड्यांनी, ८ ऑक्टोबरला, त्याच ट्रॅकवर इटलीचा फिलिप्पो गान्ना तासाभरात ५६.७९२ किलोमीटर जातो. दोघांची सायकल एकाच डिझाइनची होती: पिनारेल्लो कंपनीची थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेली बोलिडे. बिगमकडे तिचा प्रोटोटाइप होता, इतकंच.

आता तुम्हाला कुणी विचारलं की या विक्रमात सायकलीचा वाटा किती, तर काय सांगाल?

प्रश्न सोपा वाटतो, पण याचं उत्तर द्यायला बसलं की संशोधनातला सगळ्यात मूलभूत प्रश्न समोर येतो: नक्की काय मोजायचं? पीएचडीची तयारी करणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगते की पद्धत, सॉफ्टवेअर, आलेख हे सगळं नंतर येतं. आधी आपण कशाभोवती रेघ मारून म्हणतोय की "ही माझी सिस्टिम", ते ठरवावं लागतं. टाइम ट्रायलची सायकल हे त्याचं फार सुंदर उदाहरण आहे. त्यासाठी सायकलिंगची आवड असलीच पाहिजे असं नाही. बारावीचं भौतिकशास्त्र आठवत असलं तरी पुरे.

आधी हवेचा हिशेब

टाइम ट्रायल म्हणजे एकट्याने घड्याळाशी केलेली शर्यत. इतर शर्यतींत दुसऱ्याच्या मागे लपून हवेपासून वाचता येतं, इथे ती सोय नाही. अवर रेकॉर्ड ही याचीच टोकाची आवृत्ती: एक माणूस, एक सायकल, एक तास.

सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना स्वाराला जो विरोध होतो, त्यातला साधारण ९० टक्के हवेचा असतो. उरलेला टायरचा आणि चेन-बेअरिंगचा. हवेच्या या विरोधाला आपण ड्रॅग म्हणू. त्याचं सूत्र तुम्ही पाहिलेलं असेल: हवेची घनता, गुणिले 'सीडीए', गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याच्या निम्मं. यातला सीडीए म्हणजे ड्रॅग गुणांक आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळ यांचा गुणाकार. थोडक्यात, एखादी वस्तू हवेला किती 'मोठी' वाटते त्याचं माप.

आकडे घालून बघू. घनता १.२ किलो प्रति घनमीटर, सीडीए ०.२० चौरस मीटर, वेग १५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५४ किमी. ड्रॅग येतो २७ न्यूटन. त्याला वेगाने गुणलं की ४०५ वॅट. एवढी शक्ती तासभर फक्त हवा बाजूला सारण्यात खर्च करायची.

शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते हे लक्षात ठेवा. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. याची उलटी बाजू अशी की सीडीए १ टक्क्याने कमी केला, तर तेवढ्याच शक्तीत वेग फक्त एक तृतीयांश टक्क्याने वाढतो. ५४ किलोमीटरवर हा फरक होतो १८० मीटर. ऐकायला किरकोळ, पण हे अंतर अडीचशे मीटरच्या ट्रॅकवर पाऊण फेरीइतकं आहे.

नळीचा आकार: जिथून सगळे सुरुवात करतात

साध्या सायकलीची नळी गोल असते. मजबुतीसाठी छान, पण हवेच्या दृष्टीने वाईट. हवा गोल नळीच्या पुढच्या भागावरून नीट सरकते, पण सगळ्यात रुंद जागेच्या आसपास पृष्ठभाग सोडून देते. मागे भोवऱ्यांची आणि कमी दाबाची शेपटी तयार होते. पुढे जास्त दाब, मागे कमी, म्हणून नळी मागे खेचली जाते. सायकलीच्या वेगाला गोल दंडाचा ड्रॅग गुणांक साधारण १.२ असतो. तेवढ्याच रुंदीचा, पण मागे निमुळता होत गेलेला पाण्याच्या थेंबासारखा आकार घेतला, तर तो दहाव्या हिश्शापर्यंत खाली येतो.

म्हणूनच नव्या सायकलींत ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल्स बाहेर दिसत नाहीत, त्या फ्रेमच्या पोटातून नेतात. बोटापेक्षा बारीक गोल केबलसुद्धा, तिच्यापेक्षा कितीतरी जाड पण निमुळत्या नळीइतका ड्रॅग देऊ शकते.

मग सगळ्या नळ्या लांबलचक थेंबासारख्या का करत नाहीत? पहिलं कारण नियम. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना, म्हणजे यूसीआय, हिने अनेक वर्षं असा नियम ठेवला होता की नळीची खोली तिच्या रुंदीच्या तिपटीहून जास्त नको. डिझायनरांनी त्यावर एक जुना उपाय वापरला. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम याने १९३० च्या दशकात मोटारींवर काम करताना दाखवलं होतं की निमुळती शेपटी पूर्ण न करता मध्येच सरळ कापली, तरी बराचसा फायदा टिकतो. ट्रेकसारख्या कंपन्यांनी हीच कापलेली शेपटी सायकलीच्या नळ्यांना दिली. पुढे ३:१ चा नियम काढून टाकला गेला, आणि बोलिडेसारख्या सायकलींच्या नळ्या आणखी पातळ आणि खोल झाल्या.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. कागदावर उत्तम असलेला आकार आणि नियमांत बसणारा उत्तम आकार हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या विषयातही अशी बंधनं असतील: खर्च, सुरक्षा, उपलब्ध साहित्य. ती प्रश्नाच्या बाहेरची कटकट नसतात, प्रश्नाचाच भाग असतात.

देवमाशाच्या परावरचे उंचवटे

बोलिडेच्या सीट ट्यूबवर आणि सीटपोस्टवर ओळीने छोटे उंचवटे आहेत. ही कल्पना हंपबॅक देवमाशाकडून आली. त्याच्या पुढच्या परांच्या कडेला असेच टेंगळासारखे उंचवटे असतात. २००४ मध्ये मिक्लोसोविक, फिश आणि सहकाऱ्यांनी त्या पराच्या प्रतिकृती विंड टनेलमध्ये ठेवून दाखवलं की उंचवटे असतील तर पर प्रवाहाशी जास्त तिरका केला तरी चालतं. हवा पृष्ठभाग सोडून देण्याचा कोन सुमारे ४० टक्क्यांनी पुढे ढकलला जातो.

वाचून लगेच वाटतं, वा! निसर्गाने केलं, आपण नक्कल केली, काम झालं. पण संशोधकाने इथे थोडं थांबायचं असतं.

त्या प्रयोगात फायदा दिसला तो मोठ्या कोनांना. बंदिस्त वेलोड्रोममध्ये वारा नसतो, त्यामुळे सायकलीच्या पुढच्या भागावर हवा जवळपास समोरूनच येते. दुसरं म्हणजे रेनॉल्ड्स संख्या. हवा कशी वागेल हे वस्तूच्या आकारावर आणि वेगावर एकत्रितपणे अवलंबून असतं, आणि ही संख्या त्याचंच माप आहे. देवमाशाच्या प्रतिकृतीवरचा प्रयोग ५ लाखांच्या आसपास झाला होता. सीटपोस्टची खोली १० सेंटिमीटर आणि वेग १५ मीटर प्रति सेकंद धरला, तर आपली संख्या येते १ लाख. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की सीट ट्यूब दोन हलत्या मांड्यांच्या मध्ये असते. तिथे येणारी हवा आधीच ढवळलेली असते.

याचा अर्थ उंचवटे निरुपयोगी आहेत असा अजिबात नाही. ढवळलेल्या हवेत कोन सतत बदलत राहतात, आणि तिथे त्यांचा उपयोग होत असू शकतो. मुद्दा एवढाच की देवमाशावरचा पेपर हा सायकलीसाठी पुरावा होत नाही. तो एक चांगला तर्क होतो, आणि तो तर्क सायकलीच्या परिस्थितीत वेगळा तपासावा लागतो. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना 'अमुक यांनी दाखवलं आहे' या वाक्यापुढे नेहमी 'कोणत्या परिस्थितीत' हे शब्द जोडा. निम्मा रिव्ह्यू तिथेच सुधारतो.

खरा अडथळा कोण?

आता मोठी गोष्ट. एकूण ड्रॅगमध्ये सायकलीचा वाटा साधारण २० ते ३० टक्के असतो. उरलेला ७० ते ८० टक्के ड्रॅग स्वाराचा, म्हणजे माणसाचा.

म्हणून टाइम ट्रायलच्या सायकलीचं सगळ्यात प्रभावी 'एरोडायनॅमिक' वैशिष्ट्य तिच्या नळीत नाहीये. ते आहे तिच्या हँडलबारमध्ये. पुढे काढलेल्या दोन दांड्यांवर कोपर टेकवून, हात एकत्र जुळवून, पाठ आडवी करून बसता यावं यासाठी ते असतं. १९८९ च्या टूर द फ्रान्सची शेवटची टाइम ट्रायल याच कारणासाठी गाजली. व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने असे बार आणि निमुळतं हेल्मेट वापरलं, लॉराँ फिन्याँने वापरलं नाही. लेमाँड ५८ सेकंदांनी पुढे आला आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकला. फिन्याँच्या सायकलीला दोन्ही डिस्क व्हील होती, हेही लक्षात घ्या. आता हे सगळं श्रेय बारचंच असं म्हणायला ती काही नियंत्रित चाचणी नव्हती. पण तेव्हापासून टाइम ट्रायलमध्ये पूर्वीसारखं कुणी बसलं नाही.

माणूस म्हटला की तो स्थिर बसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात टिमोथी क्राउच आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम या बाबतीत वाचण्यासारखं आहे. त्यांनी पायडलच्या वेगवेगळ्या कोनांना पाय ठेवून ड्रॅग मोजला. एका फेरीत ड्रॅग सुमारे २० टक्क्यांनी बदलतो असं दिसलं. एक पाय वर आणि एक खाली असताना कंबरेच्या आणि मांड्यांच्या मागे मोठे, असमान भोवरे तयार होतात. दोन्ही मांड्या समांतर आल्या की ते आटोक्यात येतात. समोरून दिसणारं क्षेत्रफळ मात्र एवढं बदलत नाही. म्हणजे फरक पडतो तो मुख्यतः प्रवाहाच्या रचनेमुळे.

कपड्यांचंही तसंच. क्रिकेटचा चेंडू स्विंग होतो, कारण शिवणीमुळे एका बाजूची पृष्ठभागाला चिकटलेली हवा खवळते आणि जास्त वेळ चिकटून राहते. टाइम ट्रायलच्या पोशाखात दंडांवर जे खडबडीत कापड असतं, त्यामागे हेच तत्त्व आहे. दंड हा गोल आकार, त्याला निमुळती शेपटी लावता येत नाही. मग हवेला थोडं खवळवून मागपर्यंत चिकटवून ठेवायचं. मात्र हे कापड ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच काम करतं. वेग बदलला की तेच कापड नुकसानही करू शकतं.

रेघ बदलली की डिझाइन बदलतं

समजा तुम्ही 'सायकल' एवढ्याच भोवती रेघ मारली. मग उत्तर येईल: फोर्क चाकाला जितका चिकटवता येईल तितका चिकटवा, मागच्या नळ्या जवळ आणा. बरीच वर्षं सायकली अशाच होत होत्या.

२०१९ मध्ये ब्रिटिश ट्रॅक संघासाठी होप आणि लोटस यांनी केलेली सायकल समोर आली तेव्हा लोक चक्रावले. पुढच्या फोर्कचे पाय चाकापासून लांब, रुंद फाकलेले. मागच्या नळ्याही तशाच बाहेर. एकट्या सायकलीचा विचार केला तर हे उफराटं वाटतं. पण इथे रेघ सायकल आणि स्वार या दोघांभोवती होती. फोर्कचे पाय स्वाराच्या पायांच्या रेषेत आणले, म्हणजे स्वाराच्या पायांवर येणारी हवा आधीच वळवली जाते, आणि मागच्या नळ्या त्याच्या पायांच्या सावलीत राहतात. जो ७०-८० टक्के भाग 'आपल्या हातात नाही' असं डिझायनर धरून चालत होते, त्यालाच हात घातला.

समीकरणं तीच, विंड टनेल तसाच, संगणकही बाकीच्यांकडे होतेच. बदलला तो प्रश्न.

ट्रॅकवरचं शहाणपण रस्त्यावर

बंदिस्त ट्रॅकमधून बाहेर पडलं की रेघ अजून रुंद करावी लागते, कारण तिथे वारा आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या स्वाराला बाजूने ताशी ९ किलोमीटरची नुसती झुळूक लागली, तरी त्याला हवा सुमारे १० अंश तिरकी जाणवते. ताशी ३० ने जाणाऱ्याला तीच झुळूक जवळपास १७ अंशांनी लागते. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी, जोरात जाणाऱ्याची आणि हळू जाणाऱ्याची 'उत्तम सायकल' वेगळी असू शकते! शून्य अंशाला जिंकणारी नळी १५ अंशांना हरू शकते. खोल चाक तिरक्या हवेत शिडासारखं काम करून ड्रॅग कमी करतं, पण पुढचं चाक जास्त खोल असेल तर जोराच्या वाऱ्यात हँडल सांभाळणं कठीण होतं. मग स्वार घाबरून उठून बसतो, आणि आतापर्यंत कमावलेलं सगळं एका क्षणात जातं.

हवेची घनता तर आपण धरलेलीच नाही. तापमान २० वरून २८ अंशांवर गेलं, दाब तोच राहिला, तर घनता सुमारे २.७ टक्क्यांनी घटते. तासाला ५५ किलोमीटरच्या वेगात हा फरक जवळपास अर्ध्या किलोमीटरचा होतो. फ्रेम न बदलता! बिगमच्या आधीचा विक्रम व्हिक्टर कांपेनार्ट्सचा होता, ५५.०८९ किलोमीटर. तो २०१९ मध्ये मेक्सिकोतल्या आग्वासकालिएंतेस इथे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८८० मीटर उंचीवर झाला. तिथे हवा विरळ, पण फुप्फुसांनाही ती विरळच मिळते.

"ड्रॅग १० टक्के कमी" हे वाक्य कसं वाचायचं

आता तुमच्यासमोर एक जाहिरात किंवा पेपर आहे, त्यात लिहिलंय: नव्या डिझाइनमुळे ड्रॅग १० टक्के कमी. ४० किलोमीटरची टाइम ट्रायल, वेग ताशी ५०, म्हणजे ४८ मिनिटं. टायरचा विरोध बाजूला ठेवून हिशेब करा.

जर १० टक्के हे एकूण ड्रॅगचे असतील, तर सुमारे ९९ सेकंद वाचतात. जर ते फक्त सायकलीच्या ड्रॅगचे असतील, आणि सायकलीचा वाटा २५ टक्के धरला, तर वाचतात सुमारे २४ सेकंद. वाक्य तेच, आकडा तोच, उत्तरात चौपट फरक! आणि स्वार बसल्यावर सायकलीभोवतीची हवाच बदलत असल्याने ते २४ सेकंदही तसेच मिळतील याची खात्री नाही.

म्हणून असा कोणताही दावा वाचताना हे प्रश्न विचारा:

१. स्वारासकट मोजलं की स्वाराशिवाय? स्वार असेल तर खरा माणूस, की पुतळा? पुतळा हलत नाही, म्हणून मोजमाप स्थिर येतं. माणूस हलतो, म्हणून ते खऱ्याच्या जवळ जातं.

२. कोणत्या वेगाला आणि हवेच्या कोणत्या कोनाला? एकच कोन दिला असेल तर बाकीचे का दिले नाहीत?

३. तुलना कशाशी? कंपनीच्या जुन्या मॉडेलशी, की आजच्या सर्वोत्तम सायकलीशी?

४. मोजमापाची अनिश्चितता किती? तोच प्रयोग पुन्हा केला तर आकडा १ टक्क्याने हलत असेल, तर अर्ध्या टक्क्याची 'सुधारणा' ही सुधारणा नाहीच.

५. तापमान, दाब, आर्द्रता नोंदवली आहे का?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. गान्नाचा वेग बिगमपेक्षा सुमारे २.२ टक्के जास्त. त्याचा घन केला की कळतं, शक्ती आणि सीडीए यांचं गुणोत्तर त्याच्या बाबतीत साधारण ७ टक्क्यांनी जास्त असायला हवं, हवेची घनता दोन्ही दिवशी सारखी होती असं धरलं तर. सायकलीचं डिझाइन एकच, म्हणजे हा फरक बहुतांश माणसांमधला. पण याचा अर्थ सायकलीचं श्रेय शून्य, असाही नाही. बिगम स्वतः त्या वेळी इनिऑस ग्रेनेडियर्स संघाचा परफॉर्मन्स इंजिनिअर होता. गान्नाएवढी ताकद नसलेल्या माणसाने सीडीए खाली आणत विक्रम मोडला, तोही उंचावरच्या विरळ हवेत झालेला. दोन विक्रमांची तुलना सायकलीचा वाटा सांगत नाही. त्यासाठी एकच माणूस, एकच दिवस आणि दोन सायकली हव्यात. आपल्याकडे जे आकडे आहेत त्यांतून कोणता प्रश्न सुटतो आणि कोणता सुटत नाही, हे ओळखणं म्हणजेच निम्मं संशोधन.

तुमच्या विषयासाठी एक काम

मार्गदर्शकांना भेटायला जाण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: "मी अमुक गोष्ट मोजणार आहे, अमुक गोष्टींसकट, अमुक परिस्थितीत, अमुक गोष्टीशी तुलना करून." चारही जागा भरा. विषय सायकलीचा असो, पाणीपुरवठ्याचा असो की शाळेतल्या गळतीचा, वाक्य चालतं. एखादी जागा भरता येत नसेल तर काळजी करू नका, तुमचं पहिल्या महिन्याचं वाचन कशावर करायचं ते तुम्हाला सापडलं.

आणि चारही जागा भरल्या की दुसऱ्या जागेकडे, त्या 'सकट'कडे, पुन्हा एकदा बघा. तिथे जे लिहायचं राहिलंय, त्यातच तुमचा स्वार बसलेला असण्याची शक्यता आहे.